खडकवासल्याचे पाणी कोणाचे?

जुलै महिना निम्मा सरला आणि सिंहगडाकडचे ढग हलेनासे झाले, म्हणजे पुण्यात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "खडकवासला भरले का?" मंडईत, कचेरीत, देवळाच्या पायरीवर हाच प्रश्न. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की लोक मुठेच्या पुलांवर लोंढा पाहायला गर्दी करतात आणि वर्षाच्या पाण्याची चिंता मिटली असे समजून घरी परततात. या प्रश्नात आणि या समाधानात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती ही की, हे धरण पुण्याचे आहे आणि पुण्याला पाणी पाजण्यासाठीच कोणीतरी ते बांधून ठेवले आहे. आजच्या विवेचनात याच समजुतीची थोडी तपासणी करावयाची आहे. धरणाचा इतिहास पाहिला तर ते बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुणे शहर होते, पण ते पंगतीत बरेच खाली बसलेले होते. मुख्य पान मांडले होते ते दुसऱ्यासाठी.

तत्पूर्वी पुणे काय पीत होते, ते पाहिले पाहिजे. मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या या गावाला नदीचे आणि विहिरींचे पाणी कसब्यापुरते होते तोवर पुरले. पेशव्यांची राजधानी झाल्यावर पेठांवर पेठा वसल्या आणि ते पुरेना. तेव्हा बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधून तेथून शहरापर्यंत बंद नळ आणला. हे काम आजही पाहणाऱ्याला थक्क करील असे आहे. एकाखाली एक असे दोन बांध, म्हणजे डोंगरावरून येणारा गाळ वरच्या तलावात बसावा आणि निवळलेले पाणी खाली उतरावे. तेथून जमिनीखालून बांधीव भुयारासारखा नळ, काही ठिकाणी आतून माणूस चालत जाईल एवढा प्रशस्त. हवा खेळावी आणि साफसफाई करता यावी म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उताराच्या बळावर कोसांचा प्रवास करून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठोपेठीच्या हौदांपर्यंत पोहोचे. पुढे नाना फडणीसांनी आंबेगावाकडून सदाशिव पेठेत आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत असेच नळ आणले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी ही नावे आज चौकांना आणि बसच्या थांब्यांना उरली आहेत. तेथे उतरणाऱ्या तरुण मंडळींना एके काळी या ठिकाणी घागरी भरल्या जात, हे सांगावे लागते.

या हौदांविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि बोलावेही. पण हौद सार्वजनिक होते म्हणजे सर्वांचे होते, असा अर्थ मात्र कोणी करू नये. अस्पृश्य गणलेल्या माणसाला तेथे घागर बुडविण्याची मुभा नव्हती. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद या लोकांना खुला केला, तेव्हा त्या एका हौदाने शहरभर खळबळ उडाली. पाणी भरपूर असणे आणि ते प्रत्येकाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याला त्या वर्षी समजावयास हवे होते. ज्या वर्षांत फुल्यांच्या हौदाची चर्चा चालली होती, त्याच वर्षांत खडकवासल्यास नव्या धरणाची आखणी होत होती, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुल्यांचे नाव या धरणाच्या हकिकतीत पुन्हा येणार आहे.

इंग्रजी अमलात पुण्याची छावणी वाढली, खडकीला लष्कर आणि दारूगोळ्याचा कारखाना आला. १८५० मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. ज्याच्या शेजारच्या बागेला आपण बंडगार्डन म्हणतो तोच हा बंधारा. त्याचे पाणी यंत्राने उचलून छावणीकडे नेले जाई. परंतु हे सगळे घोटभर पाण्याचे उपाय होते. खडकवासल्याच्या कल्पनेचा जन्म तहानेतून झाला नाही, तो भुकेतून झाला.

पुणे जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवला म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. तेथे पावसाची मोजदाद शंभर-दीडशे इंचांच्या पुढे जाते. तेथून पूर्वेला जसजसे यावे तसतसा पाऊस आटत जातो. पुणे शहरात तो अठ्ठावीस इंचांच्या आसपास असतो, आणि दौंड-इंदापूरकडे गेले की अठरा-वीस इंच पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. म्हणजे अवघ्या ऐंशी-नव्वद मैलांत एका टोकाला माणूस घोंगडे वाळत नाही म्हणून हैराण, आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीचे ताट गुडघ्यापलीकडे वाढत नाही म्हणून हवालदिल. त्या पूर्वेकडच्या पट्ट्यात दोन-चार वर्षांआड अवर्षण ठरलेले. पीक गेले की कर्ज, आणि कर्जाच्या मागोमाग जमीन सावकाराच्या घरात. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून जो प्रकार गाजला त्याची सुरुवात तेथेच झाली, आणि ते सुपे याच कोरड्या पट्ट्यातले.

या प्रदेशाला सह्याद्रीचे पाणी नेऊन द्यावे, ही कल्पना रॉयल इंजिनिअर्समधील फाइफ या अधिकाऱ्याची. मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या आरंभीच्या काळातील हा कल्पक माणूस. त्याची विचारसरणी अगदी साधी होती. दख्खनच्या पठारावर पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर तलाव बांधले तर ज्या वर्षी पाऊस नसतो त्याच वर्षी तलावही कोरडे राहणार. सह्याद्रीचा पाऊस मात्र सहसा चुकत नाही. म्हणून घाटातून निघणारी नदी मैदानात उतरण्यापूर्वी अडवावी आणि तिचे पाणी कालव्याने पूर्वेस न्यावे. मुठा यासाठी सोयीची होती. आंबी आणि मोसी या दोन नद्या तिला वरच्या अंगाला येऊन मिळतात. तिन्ही खोऱ्यांचे पाणी एकवटून खडकवासला गावापाशी येते. तेथे पायाला खडक लागतो, आणि जागा इतकी उंचावर आहे की तेथून काढलेला कालवा डोंगराच्या कडेकडेने, पर्वतीच्या पायथ्यावरून, हडपसरच्या माळावर आपोआप उतरतो. कात्रजच्या नळाचे जे तत्त्व, तेच येथे मोठ्या प्रमाणावर.

काम १८६९ च्या सुमारास सुरू झाले आणि १८७९ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. धरण दगडाचे, चुन्यात बांधलेले, सुमारे मैलभर लांब आणि नदीच्या पात्रापासून शंभर फुटांच्या आसपास उंच. त्या काळी एवढ्या उंचीचे दगडी धरण हिंदुस्थानात नवलाईचेच होते. या नवलाईची किंमतही इंजिनिअरांना चुकवावी लागली. एवढे पाणी रेटण्यास बांधाची जाडी पुरेल की नाही अशी शंका पुढे निर्माण झाली, आणि आधारासाठी त्याच्या खालच्या अंगाला मातीचा भराव घालावा लागला. बांधाच्या पोटातली ही शंका आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे. जलाशयाला फाइफचे नाव दिले गेले आणि साहेबांच्या नकाशांत तो 'लेक फाइफ' झाला; आपल्या लोकांनी मात्र त्याला गावाच्याच नावाने हाक मारली.

ज्या वर्षी धरण पुरे झाले त्याच वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. धरणाची उंची सांगताना लोक या कायद्याचा उल्लेख करीत नाहीत, परंतु माझ्या मते तो धरणाइतकाच महत्त्वाचा आहे. या कायद्याने कालव्यासाठी नदीचे पाणी वापरण्याचा अधिकार सरकारने जाहीरनाम्याने आपल्याकडे घेतला. तोवर पाट, बंधारे, विहिरी यांचे हक्क गावोगावच्या वहिवाटीने चालत आले होते. पाणी कोणाचे, या प्रश्नाला गावकीत उत्तर मिळे. ते उत्तर न्यायाचे असे असे मुळीच नाही, पण ते गावात मिळे. आता ते कचेरीत मिळू लागले. पाण्यासाठी अर्ज, पाण्याची पट्टी, पाटकरी, पाळी हे सगळे शब्द शेतकऱ्याच्या जीवनात आले ते येथून.

मग पाणी सुरू झाले आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांच्यासाठी कालवा खणला ते शेतकरी पाणी घेईनात! साहेबांच्या अहवालांत याचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर आणि अडाणीपणावर फुटले आहे. खरे कारण आळसाचे नव्हते. ज्वारी-बाजरीला बऱ्या वर्षी कालव्याचे पाणी लागत नाही, आणि पट्टी मात्र रोख द्यावी लागते. पाणी घेऊन ऊस लावावा तर खत, बैल, चरक, गुऱ्हाळ यांना पैसा हवा. तो सावकाराकडून आणावा तर ज्या खड्ड्यातून निघायचे त्याच खड्ड्यात पुन्हा उडी. त्यामुळे सुरुवातीला कालव्याचा लाभ उठविला तो हडपसर, मांजरी, लोणी या भागातील माळी बागाईतदारांनी. फुले यांची शेती मांजरीलाच होती. धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरविला होता असे चरित्रकार सांगतात. कंत्राटदार म्हणून सरकारी बांधकाम आतून कसे चालते ते त्यांनी पाहिले होते आणि कालव्याच्या पाण्यावर शेती कशी करता येते तेही त्यांनी स्वतः करून दाखविले. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पाटबंधाऱ्यांविषयी आणि इंजिनिअर खात्याविषयी त्यांनी जे लिहिले आहे त्याला ऐकीव गोष्टींचा आधार नाही, हे ते वाचताना जाणवते.

शेतकरी पाणी घेत नाही आणि खजिन्यात उत्पन्न पडत नाही, अशा अडचणीत एक गिऱ्हाईक मात्र पहिल्यापासून तयार होते. ते म्हणजे शहर आणि छावणी. कालवा त्यांच्या दारावरूनच जात होता. पुणे आणि खडकी येथील लष्कराला पाणी, शहराच्या नळांना पाणी, साहेबांच्या बंगल्यांतील बागांना पाणी. हे गिऱ्हाईक पाऊस पडो न पडो, रोज पाणी घेई आणि त्याचे पैसे देई. मूळ योजनेत जे ताटातले लोणचे होते ते असे हळूहळू वरण-भाताच्या जागी येऊ लागले. त्या वेळी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. शहर आणि छावणी मिळून जेमतेम सव्वा लाखाची वस्ती. तिने असे पिऊन पिऊन किती प्यावे?

येथे एका मोठ्या माणसाचे स्मरण केले पाहिजे. म्हैसूरचे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले यांच्या मंडळात त्यांची ऊठबस होती; ज्या रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांचे मोठेपण विश्वेश्वरय्यांनी जवळून पाहिले होते. खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात सहा-सहा, आठ-आठ फूट पाणी उसळून वाहून जाते, हे त्यांच्या नजरेत भरले. हे पाणी अडवायचे तर बांध वाढविला पाहिजे. पण बांध आधीच नाजूक. तेव्हा सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारी लोखंडी दारे बसविली. वजनांचा तोल असा साधला होता की, पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की दारे माणसाचा हात न लागता उघडावीत, आणि पूर उतरला की पुन्हा मिटावीत. मध्यरात्री पूर आला तरी चौकीदाराला उठावे लागू नये, हा त्यातील खुबीचा भाग. १९०३ मध्ये ही दारे खडकवासल्यास चालू झाली आणि धरणाची पाणी धरण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. विश्वेश्वरय्यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. तीच पद्धत त्यांनी पुढे ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणावर आणि म्हैसुरात कृष्णराजसागरावर वापरली. कृष्णराजसागर पाहायला पुण्याहून सहली जातात. त्या दारांचा पहिला पाठ आपल्या सिंहगडाच्या पायथ्याशी गिरविला गेला, हे किती जणांना ठाऊक असते कोण जाणे!

त्यानंतरची पन्नास वर्षे धरणाने निमूटपणे काम केले; त्यांचा विस्तार करीत नाही. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो छोटा विभाग पुण्यात काढला, तो पुढे धरणाजवळ आला आणि त्याचेच आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. देशभरातल्या नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती मांडून तेथे पाण्याचे वर्तन अभ्यासले जाते. स्वातंत्र्यानंतर जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. १९४९ च्या ऑक्टोबरात तिची कोनशिला बसली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तिचे छात्र आजही याच पाण्यात होड्या वल्हवितात.

मात्र स्वातंत्र्यानंतर पाण्याची मागणी दोन्ही बाजूंनी वाढली. शहर फुगू लागले आणि उसाचे क्षेत्रही वाढले. तेव्हा खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतला मातीचे धरण बांधण्याचे ठरले. १९५७ साली काम निघाले. १९६१ च्या पावसाळ्यात, बांधकाम पूर्णतेला पोहोचण्यापूर्वीच, त्यात पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, तिचे दरवाजे पुरते बसविलेले नव्हते, आणि भरावाखालून जाणाऱ्या तिच्या भागाची कमान सळई न घातलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती. पाण्याच्या माऱ्याने मोरी ढासळू लागली, तशी वरची माती खचू लागली. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून बांधाचा माथा धरून ठेवण्याची शर्थ केली. १२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटले.

सारे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. चुन्यात बांधलेल्या, जन्मापासून जाडीविषयी शंका असलेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या त्या दगडी बांधाने त्या दिवशी काय केले ते सांगितले पाहिजे. माथ्यावरून पाणी वाहत असता तो काही तास उभा राहिला. तेवढ्या वेळात मुठेचे पाणी पुण्यात चढू लागलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले, पोरेबाळे कडेवर घेतली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतले आणि पर्वतीकडे, चतुःशृंगीकडे, उंचावरच्या पेठांकडे धाव घेतली. दुपारी खडकवासलाही फुटले. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांच्या नदीकाठच्या भागांतून आणि डेक्कन जिमखान्यावरून पाणी गेले. लकडी पूल पाण्याखाली गेला. मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्यात विरघळावे तसे बसले. ते काही तास मिळाले नसते तर किती माणसे गेली असती, याचा विचार करवत नाही. फाइफच्या बांधावर टीका करणाऱ्यांनी, त्याच्या या अखेरच्या कामाची नोंद घ्यावी.

आणि मग दुसरा आघात. पूर ओसरला तो चिखल आणि मोडतोड ठेवून, आणि त्याच दिवसापासून शहराला प्यायला पाणी नाही! नळाचे पाणी येत होते ते कालव्यातून, कालव्याचे तोंड होते धरणात, आणि धरणालाच भगदाड पडलेले. ज्या विहिरींवर फळ्या टाकून वाड्यांनी त्यांचा विसर पाडून घेतला होता त्या विहिरींच्या फळ्या उचलल्या गेल्या. टँकरपुढे रांगा लागल्या. एकाच धरणावर आणि एकाच कालव्यावर साऱ्या शहराचा गळा कसा टांगलेला आहे, हे पुण्याला त्या आठवड्यात कळले. पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींतून पूरग्रस्तांची सोय झाली. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला गेला. ते काम अपुरे असतानाच त्यांच्या आयुष्याचा शोकान्त झाला आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ते पुरे केले.

खडकवासला पुन्हा बांधले गेले. पानशेतही पुन्हा झाले, १९७२ च्या सुमारास. त्याला तानाजीसागर म्हणतात. मोसी नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर ही धरणे त्यानंतरची. टेमघरच्या बांधातून २०१६ मध्ये मोठी गळती दिसून आली आणि दुरुस्ती हाती घ्यावी लागली. या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९.१५ अब्ज घनफूट. त्यात वरसगाव सुमारे १२.८, पानशेत सुमारे १०.७, टेमघर सुमारे ३.७, आणि ज्याचे नाव साऱ्या साखळीला दिले ते खडकवासला अवघे १.९७. म्हणजे 'खडकवासला भरले का' या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तरी एकूण साठ्याचा पंधरावा हिस्साच भरलेला असतो! जुलैत दरवाजे उघडले म्हणून निश्चिंत होणाऱ्याने ही वजाबाकी करून पाहावी. खडकवासला आता कोठार राहिलेले नाही, ते कोठाराचे दार झाले आहे. वरच्या तिन्ही धरणांचे पाणी त्याच्याच अंगणात उतरते आणि तेथूनच त्याची वाटणी होते.

वरच्या खोऱ्यांत या धरणांखाली गावे गेली, शेते गेली, देवळे गेली. मोसे खोरे म्हणजे बाजी पासलकरांचा मुलूख. वरसगावच्या धरणाला त्यांचे नाव दिले आहे. तेथील भातशेतकऱ्यांतील अनेकांना बदली जमिनी मिळाल्या त्या खाली, कालव्याच्या लाभक्षेत्रात, दौंडकडे. शंभर इंच पावसात नाचणी-भात पिकविणारा माणूस वीस इंचांच्या माळावर कालव्याच्या पाळीची वाट पाहत बसला. त्याच्या बापजाद्यांच्या जमिनीवर उभे असलेलेच पाणी त्याला आता अर्ज करून मागावे लागते.

आता वाटणीकडे वळू. १८८१ च्या सुमारास सव्वा लाखाचे असलेले पुणे २०११ च्या शिरगणतीत, केवळ महापालिकेच्या हद्दीत, एकतीस लाखांवर गेले होते. त्यानंतर हद्दही वाढली आणि वस्तीही. चारही धरणांतील साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी आता शहर घेते. दुसऱ्या बाजूला नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरांवर, थेट इंदापूरपर्यंत गेलेला आहे. त्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उन्हाळी आवर्तन मिळेल की नाही, हे पुण्यात किती गाड्या धुतल्या जातात यावर थोडेबहुत अवलंबून असते. शासनाच्या धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे, आणि तो असलाच पाहिजे. त्याबद्दल कोणा शेतकऱ्याचीही तक्रार नाही. पण नळातून आले ते सगळे पिण्याचे पाणी, ही व्याख्या शहराने परस्पर करून घेतली आहे. अंगण शिंपणे, तरणतलाव, बांधकाम, टाकीतून वाहून गेलेले आणि गळक्या नळांतून जमिनीत मुरलेले पाणी हे सगळे 'पिण्याचे' म्हणून हिशेबात धरले जाते. उलट, शेतकऱ्यानेही उसाला पाणी मोकाट सोडावे आणि मग टंचाईच्या नावाने बोट पुण्याकडे दाखवावे, हाही न्याय नव्हे. तरीदेखील दोन्ही पारड्यांत सारखेच वजन आहे असे मी म्हणणार नाही. शहर वरच्या अंगाला बसले आहे, आणि पाण्याच्या भांडणात वरच्या अंगाला बसणारा निम्मी लढाई न लढताच जिंकतो.

कालवा शहरातून जातो, पण शहराचे त्याच्याकडे लक्ष नसते. त्याच्या कडेने झोपड्या आल्या, रस्ते आले, कचरा आला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर सकाळी, पावसाचा थेंब नसताना, जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या गरिबांच्या घरांत पाणी शिरले. कोणाची भांडी वाहून गेली, कोणाची वह्या-पुस्तके, कोणाचे वर्षाचे धान्य. शहराच्या वाट्याचे पाणी ज्यांच्या घरी दिवसातून तासभर येते, त्यांच्या घरात त्या दिवशी इंदापूरच्या वाट्याचे पाणी कंबरभर उभे होते.

फाइफच्या जुन्या कालव्याचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. नवा कालवा झाल्यावर जुना मागे पडला. लोक त्याला 'बेबी कालवा' म्हणतात. शहराने वापरून टाकलेल्या पाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीसाठी परत द्यावे, असा करार शासन आणि महापालिका यांच्यामध्ये झाला आणि त्यासाठी मुंढव्याला नदीवर पाणी उचलण्याचे केंद्र उभारले गेले. तेथून पंपाने उचललेले पाणी याच जुन्या कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडकडे जाते. ते किती शुद्ध असते, किती सोडले जाते आणि किती सोडावयाचे ठरले होते, यावरून दरवर्षी पत्रापत्री चालते. मांजरीच्या माळ्यांनी ज्या कालव्याच्या काठी सह्याद्रीच्या पाण्यावर पहिला ऊस लावला, त्या कालव्याला आता शहराच्या मोऱ्यांतून फिरून आलेले पाणी वाहते. काठचे शेतकरी ओंजळीत घेऊन त्याचा वास पाहतात, आणि मग दारे धरतात.